गुळाचा चहा

पिंपरी,
९ जुलै १९७८

रंगाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

इथं आम्ही सगळी खुशाल आहोत. रंगाची या आठवड्यात रात्रपाळी आहे. शालन औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि छबू दिवसभर माझ्या कडेवर. मी खाली ठेवली की सूनबाईंपेक्षा नात जास्त रागावते! ती शाळेत जायला लागेपर्यंत माझं इथून हलणं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पण तुमच्या पायाचं मला का कळवलं नाही? गावाहून आलेल्या अर्जुनरावांनी सांगितलं तेव्हा कळलं, की चप्पल लागून झालेली जखम अजून भरली नाही आणि दहिवडीच्या डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली आहे. रंगा म्हणतो, दिवाळीपर्यंत साखर उतरली नाही तर म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि बाबांना इथं आणायचं.

तुम्ही इथं यावं असं मला किती वाटतं, ते या वयात लिहायला लाज वाटते. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की चाळीतले सगळे पुरुष घरी येतात. मी उगाच दाराशी जाऊन उभी राहते. पण तुम्ही दुखणं घेऊन यावं असं नाही हो वाटत. म्हणून सांगते ते ऐका. कामगार कल्याण केंद्रात दर बुधवारी एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी सांगितलंय, भाकरी खावी, भात थोडा. मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, ताक भरपूर. गूळ-साखर बंद. रात्रीचं दिवेलागणीलाच जेवावं. सकाळ-संध्याकाळ भराभर चालावं आणि पाय धुऊन बोटांच्या बेचकीत कोरडे पुसावेत. शेत आबाजीला वाट्यानं दिल्यापासून तुम्ही ओट्यावरून हलत नाही, ते मला इथून दिसतंय.

मी येताना सगळ्या आळीला सांगून आले आहे, की ह्यांना चहापाण्याला विचारत जा, एकटं वाटू देऊ नका. तेवढाच मला धीर आहे.

पत्राला उशीर करू नये आणि माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
सुभद्रा


पळशी, ता. माण,
२८ जुलै १९७८

सौ. सुभद्रा हीस
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसंच समदं चाललं हाय. भाकरी, भाजी, ताक. भाजीत मीठ कधी पडतं, कधी न्हाई. सकाळी बांधावरनं ओढ्यापर्यंत जाऊन येतो. पण साखर जागची हलंना. डॉक्टर माझ्यावर डोळे वटारतो आणि मी लपूनछपून काय खातो ते इचारतो.

आता खरं सांगतो. मी फिराया निघालो की पहिली हाक शेजारच्या गिरजाबाईची. चहा घेतल्याबिगर पुढं जाऊ देत न्हाई. तिच्यापुढं आबाजीचं दार. मग शाळेजवळचं. समद्यांच्या चहात गूळ असा, की कपाला चमचा चिकटावा. नको म्हणलं तर गिरजाबाईचा चेहरा पडतो. वैनी गेल्या म्हणून आमचा चहा गोड लागंना व्हय, असं म्हणती. बिनगुळाचा मागितला तर तिला वाटतं, मी तिच्या घरचा गूळ वाचवतोय. तू आळीला सांगून गेलीस आणि समदी आळी माझ्यामागं लागली हाय.

आणि रंगाला सांग, मी काय तिकडं येणार न्हाई. धडधाकट माणूस घर सोडून पोराच्या दारी ऱ्हात नसतो. वरच्या आळीचा साहेबराव मुंबईला गेला, तर बायकोमागं पळाला म्हणून पारावर अजून त्याची टिंगल चालती. दुखण्यानं आडवा झालो तर बात निराळी.

म्हशीनं आठ दिवस दूध चोरलं. तुझा हात मागती. छबूला पापा.

तब्येत सांभाळून ऱ्हावं, इकडची काळजी थोडीच करावी, पण करावी.

दौलतराव


पिंपरी,
१० ऑगस्ट १९७८

रंगाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू की कपाळ बडवून घेऊ, समजेना. म्हणजे तुमची साखर मीच वाढवली म्हणायची! आणि तुम्हीसुद्धा धन्य. गिरजाबाईचा चेहरा पडू नये म्हणून स्वतःचा पाय सडवायला निघालात.

गिरजाबाईला मी वेगळं पत्र टाकलं आहे. ह्यांना गुळाच्या चहाचा एक थेंब जरी कुणी पाजला तरी माझ्या गळ्याची शपथ आहे, असं लिहिलं. शेजारच्या इंदुताईंनी वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, फारच कडक झालं. होऊ दे. तुमच्या पायापुढं मला कुणाचा रुसवा मोठा नाही.

मीही आता चालते बरं का. पहाटे पाणी भरून झालं की इंदुताई आणि मी रेल्वे फाटकापर्यंत जातो. लुगडं नेसलेल्या दोन बायका हातात पिशवी नसताना भराभरा कुठं निघाल्या म्हणून सायकलवरचे कामगार वळून बघतात. माझे गुडघे हलके झाले आहेत. चालताना मनात येतं, या वेळी तुम्ही ओढ्यापाशी असाल.

जिवाला जपावं आणि मला विसरून चालू नये.

आपली,
सुभद्रा


पळशी,
१७ सप्टेंबर १९७८

सौ. सुभद्रा हीस
अनेक आशीर्वाद, वि. वि.

साखर उतरली. जखम भरली, वर नवी कातडी आली. डॉक्टर खूश झाला. असंच चालत ऱ्हावा, खुशाल एकटं ऱ्हावा, म्हणाला.

तुझं पत्र गिरजाबाईनं पोस्टमनकडनं समद्या आळीसमोर वाचून घेतलं. तवापासनं मला कुणी हाक मारत न्हाई. दारी बोलवायचं आणि चहा द्यायचा न्हाई, हे त्यांच्या जिवाला पटत न्हाई. मग मी येताना दिसलो की गिरजाबाई घागर उचलून आत जाती. आबाजी बैलाच्या पाठीमागं काहीतरी शोधत ऱ्हातो. त्यांचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. तिथं बसलं की तुझा विषय निघायचा, तू कशी भांडायचीस, कशी हसायचीस. आता तुझं नाव काढाया कोण न्हाई.

मी सरळ ओढ्यापर्यंत जातो आन् सरळ माघारी येतो. घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं, आवाज तर झाला. सुभद्रे, तुझ्याबिगर करमत न्हाई. लिहिलं एकदाचं. हे रंगाला वाचाया देऊ नको.

पत्र लांबलचक लिहावं, आशीर्वाद आहेतच.

दौलतराव


पिंपरी,
२ ऑक्टोबर १९७८

रंगाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

साखर उतरली हे ऐकून मी देवापुढं दिवा लावला. रंगाला फार आनंद झाला. म्हणाला, बरं झालं, आता बाबांना इकडं आणायची गरज नाही. मी हो म्हटलं. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले. तुम्हाला बरं करायला मीच लिहीत होते आणि तुम्ही बरे झालात म्हणून मीच रडत होते. असलं मन कुणाला दाखवायचं?

तुमचं पत्र रंगाला दिलं नाही. माझ्या उशीखाली आहे.

चालणं सोडू नये, एवढंच मागणं.

आपली,
सुभद्रा


पळशी,
१४ ऑक्टोबर १९७८

सौ. सुभद्रा हीस
अनेक आशीर्वाद, वि. वि.

कळवण्यास कारण की साखर पुन्हा वर गेली हाय. कशी गेली कळत न्हाई. डॉक्टरलाबी नवल वाटलं. पथ्य तर कडक चालू हाय. आता रंगा म्हणतो तसं दिवाळीला तिकडं यावं लागंल असं दिसतं. इलाज न्हाई. म्हैस आबाजी सांभाळायला तयार हाय, त्याच्याशी बोलणं झालंय. धोतरजोडी धुऊन ठेवली हाय. छबूला लाकडी बैल आवडतील का, ते कळवावं.

पाय अजून चांगला हाय, काळजी नसावी.

दौलतराव


पिंपरी,
२० ऑक्टोबर १९७८

रंगाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तेव्हाच मनात आलं, की साखर वाढलेला माणूस एवढ्या हौसेनं धोतर धूत नाही. काल अर्जुनराव पुन्हा गावाहून आले. ते म्हणाले, तुम्ही आपण होऊन गिरजाबाईच्या दारात जाऊन बसलात, डॉक्टरनं गूळ मोकळा केला म्हणून सांगितलंत आणि तिच्याकडून रोज चहा पिताय. तिला बिचारीला किती आनंद झालाय म्हणे!

अहो, काय म्हणावं तुम्हाला? माझ्याकडं यायला तुम्हाला दुखणं आणावं लागतं? तो पाय पुन्हा चिघळला असता तर मी कुणाच्या तोंडाकडं पाहायचं होतं? संताप संताप झाला. शालनला वाटलं, माझं डोकं दुखतंय. मग इंदुताईंबरोबर फाटकापर्यंत गेले आणि येताना रस्त्यातच रडू फुटलं, कारण माझ्यासाठी कुणी असला मूर्खपणा आजवर केला नव्हता.

आता नीट ऐका. आजपासून गूळ बंद. बरे व्हा आणि बरे असतानाच या. रंगाशी मी बोलले आहे. बाबा आजारी नाहीत, पण मला ते इथं हवेत, असं तोंडावर सांगितलं. शालन हसली आणि पलंगाखालची पेटी ओढून तुमच्या कपड्यांना जागा केली.

पारावर कुणी विचारलं तर दुखण्याचं नाव सांगू नका. सुभद्रेनं बोलावलं, म्हणून जातोय, असं सांगा. दौलतराव बायकोमागं गेला म्हणतील. म्हणू देत. एवढी वर्षं मी तुमच्यामागं चालले, ते कुणी पारावर बोललं नाही. एकदा हेही लोकांना बोलू दे. मला ऐकायला आवडेल.

वाट पाहते आहे, हे पुन्हा लिहायला लावू नये.

तुमचीच,
सुभद्रा