पाच हजार किंवा सहा महिने

२ फेब्रुवारी, रविवार

आणि परत तेच! ह्या माणसाच्या टकुऱ्यात शिरतच नाही. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने — जे आधी होईल ते. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? अंगददादा म्हणतो, "मीटर तेवीसशेवर हाय. पाच हजार व्हईल तवा बघू की." अरे, तवा नाही! एप्रिलात सहा महिने भरतात. मीटर जागचं हललं नाही तरी लातूरला शोरूमला न्यायची, तेल बदलायचं, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. एक सर्विस चुकली की वॉरंटी गेली. मग इंजिनाला काही झालं तर बाप देणार का भरून?

म्हणला, "बाप तुजा बी तोच हाय."

फोन भिंतीवर आपटणार होतो. माझाच म्हणून राहिलो.

दसऱ्याला गाडी घेतली, माझ्या नावावर. हप्ता माझा. ती उभी घाटनांदूरात दारापुढं, चालवतो थोरला भाऊ, आणि मी इथं सुरतला लोकांच्या गाड्या धुतोय. म्हणून नियम लावलेत. दर रविवारी मीटरचा फोटो. सीटचं प्लास्टिक काढायचं नाही. आईचं, वहिनीचं काही असलं तरच बाहेर काढायची. नियम मोडला की मी शिव्या घालतो, हे त्याला माहीत आहे. आजचा फोटो — २३१४. मागच्या रविवारी २२९६. ठीक. पण ते बापाचं बोलणं! समोर असता तर कानफटात दिली असती. थोरला असला म्हणून काय.

४ फेब्रुवारी

आज सर्विस सेंटरात एक माणूस रडला. चांगला शर्ट-पँटवाला. गिअर अडकतोय म्हणून आलता. साहेबानं पुस्तक उघडलं — दोन सर्विस बाहेरच्या गॅरेजात केलेल्या. बिल पण नाही. "वॉरंटी नही बैठेगी." तो हात जोडायला लागला. मला लई बरं वाटलं. भोग म्हणलं. माझ्या गाडीचं असं होणार नाही.

रूमवर रामप्रसादला सांगितलं. माजलगावचा आहे, माझ्याच संगं वॉशिंगला. तो म्हणला, "तुझी गाडी, तुझी गाडी करतो. तू किती बसलास बे तिच्यात?"

"एकदा. शोरूमपासून घरापर्यंत."

"मंग धुतो त्या गाड्यांत जास्त बसतोस की!" आणि हसला.

तोंडावर दिली. दात हलला त्याचा. रक्त पुसत बसला, पण हसणं थांबेना भाड्याचं.

७ फेब्रुवारी

सुपरवायझर म्हणतो, परत मारामारी केली तर हाकलीन. हाकल! आधीच्या सेंटरातूनबी हाकललंच होतं, दिवाळीनंतर. एक गिऱ्हाईक मला "ए" म्हणला, मी त्याच्या काचेवर पाना घातला. तवा दोन महिने काम नव्हतं. नोव्हेंबर, डिसेंबरचा हप्ता भरलाच नाही. घरी सांगितलं नाही. बँकेला अंगददादाचा नंबर दिलाय, माझं सिम टिकत नाही म्हणून. पण बोंब झाली नाही. जानेवारीपासून मी परत सुरू केलं, कोणी काही विचारलं नाही. बँक विसरली असेल. एवढ्या मोठ्या बँका, त्यांना आपलं काय! आपण कशाला आठवण द्यायची?

९ फेब्रुवारी, रविवार

फोटो नाही.

सतरा फोन केले. बंद. वहिनीचा फोन लागतो पण उचलत नाही. काहीतरी लपवतेत. डोकं नुसतं ठणकतंय.

१० फेब्रुवारी

इंजिन जाम.

अंगददादानं सकाळी सांगितलं, आवाज असा की मेल्याची बातमी देतोय. "माजलगावच्या अलीकडं बंद पडली. तेलाचा लाल दिवा लागलता. शोरूमला टोचन करून नेलीय."

"माजलगावला काय तुझं सासर हाय का? काय करत होता तिथं?"

गप्प.

"नवी गाडी हाय, वॉरंटीत हाय, ते करून देतील," मी म्हणलो. मग म्हणला, "भागवत, तू शोरूमला फोन करू नको." आणि ठेवला.

११ फेब्रुवारी

केला.

सर्विसवाला मराठीच होता. गोड बोलत होता, साला. "मीटर तेवीसशे अठरा दाखवतंय साहेब. पण टायरची नक्षी बघा. चौदा-पंधरा हजार तरी पळालीय. मीटरला जाणारी वायर काढलेली आहे. इंजिनात तेलाचं डांबर झालंय, तेही अर्ध्याच्या खाली. मीटरशी छेडछाड म्हणजे वॉरंटी बाद. कंपनी देणार नाही."

तेवीसशे अठरा! माझ्या दर रविवारच्या फोटोत हेच. हा माणूस मला वायर काढलेल्या मीटरचे फोटो पाठवायचा. आणि मी ठीक म्हणायचो. येड्यावानी.

सुपरवायझरला सांगितलं, आई सिरियस आहे. बॅगेत दोन कपडे टाकले आणि चाकाचा पाना. रामप्रसाद बघत होता. म्हणला, "पाना कावून रे? गाडी तर शोरूमला हाय." मी त्याच्याकडं बघितलं तसा गप बसला.

आज रातच्या ट्रॅव्हल्सनं निघतोय.

१३ फेब्रुवारी, घाटनांदूर

काल संध्याकाळी पोचलो. हे लिहिताना अजून बोटं वळत नाहीत.

अंगददादा ओट्यावर बसलेला. मला बघून उठला नाही. म्हणला, "आलास? चहा घे." चहा! मी विचारलं, वायर कोणी काढली? म्हणला, "राधाकिशन मिस्त्रीनं." कोणी सांगितलं त्याला? त्यानं कप माझ्याकडं सरकवला. कुठं फिरवली? म्हणला, "ऊसतोडीच्या बंकट मुकादमाला घेऊन. कर्नाटकात, कधी माजलगावला. कारखान्यावरल्या टोळ्या बघायला, पळालेली माणसं हुडकायला. दोन महिने झाले."

"भाड्यानं?"

"तसंच समज."

"माझी गाडी! भाड्यानं! आणि पैसे कुठं गेले, ढोसले?"

तो हसला. म्हणजे तोंड वाकडं केलं, पण मला हसल्यासारखं दिसलं. म्हणला, "लई शिकलास बे सुरतला जाऊन. मार, आणलाय ना पाना? का नुसता धुवायला आणलाय?"

मी मारला. डोक्यात मारणार होतो. त्यानं उजवा हात मधी घातला. आवाज आला, ऊस मोडल्यासारखा. परत मारला, त्याच हातावर. तिसऱ्यांदा उचलला तर आई मधी आली, हात पिठात भरलेले. "मारून टाक," म्हणाली. "एकदाच मारून टाक आमाला, दर आठवड्याला कशाला मारतोस?" मला काय बोलते ते कळलं नाही.

वहिनी रडली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. दादानं खाली बसल्या बसल्या डाव्या हातानं मला गचांडी धरून ओढलं आणि त्याच हातानं मुस्काटात दिली. एवढ्या मोडल्या हातानिशी!

तसाच पाना घेऊन बंकट मुकादमाकडं गेलो. तो अंगणात खाटेवर. "बस की भागवत. पैसे आगाऊ रोख मोजलेत तुझ्या भावाला. उचल घेतली की हंगाम संपेस्तवर सुटका न्हाई, तुला म्हाईत न्हाई व्हय? ऊसतोड्याच्या घरचाच ना तू?" मी पाना उचलला. त्याच्या दोन पोरांनी मागनं धरलं. बाभळीची काठी होती. पाठ काळीनिळी झाली. जाताना त्यानं पाना माझ्या हातात परत दिला. म्हणला, "सांभाळ. सुरतला लागंल."

१४ फेब्रुवारी

दादाला अंबाजोगाईला नेलं. मला कोणी चल म्हणलं नाही.

१५ फेब्रुवारी

परत निघालो. आई दारात आली नाही. शोरूमच्या आवारात गाडी बघायला लातूरला उतरलो. बोनेट उघडं, इंजिन काढलेलं. सीटवरचं प्लास्टिक मात्र तसंच. एक सुरकुती नाही. मागच्या सीटवर पण नाही. बंकटला ह्यानं प्लास्टिकवर बसवला दोन महिने!

लाथ घातली दाराला. पोचा आला. सर्विसवाला धावत आला, म्हणला, "अहो, तुमचीच आहे ना?"

१९ फेब्रुवारी, सुरत

वहिनीचा फोन. तिनं मला कधी फोन केला नव्हता. हळू बोलली, एकदाच बोलली.

"भावजी, नोव्हेंबर-डिसेंबरचा हप्ता कोणी भरला, कधी विचारलं का? बँकेचे लोक दारात आलते. गाडी ओढून नेतो म्हणले, गल्ली गोळा झाली. ह्यांनी मुकादमाकडून सत्तावीस हजार उचल घेतली, दोन्ही हप्ते भरले. म्हणले, भागवतला सांगू नका, त्याचं नवंनवं कौतुक हाय. आणि मंग सुटका न्हाई. माणसाऐवजी गाडी गेली उचलीला."

मी म्हणलो, वहिनी, मग वायर? वायर कावून काढली? किलोमीटर दिसले असते तर सर्विस तरी झाली असती वेळेवर!

"वायर मी काढायला लावली. राधाकिशनकडं मी गेलते, हे न्हाई. रविवार आला की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. फोन वाजला की आईच्या, बापाच्या नावानं शिव्या, सगळं घर ऐकायचं. मी म्हणलं, आकडाच हलला न्हाई तर शिव्या बी येणार न्हाईत. आठवड्याला थोडा वेळ वायर जोडायची, दहा-वीस पळवायची, फोटो काढायचा, परत काढायची. तेल बदलायचं कोणाच्या ध्यानात राहतंय? बदलायला नेली असती तर शिक्क्यावर आकडा आला असता, आणि तुमी तो बी मागितला असता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् ऐका. ते त्या दिवशी बोलले न्हाईत कारण तुमच्या हातात पाना होता. पाना बघितल्यावर सांगितलं असतं तर भ्याले असं झालं असतं. तुमी दोघं एकाच बापाचे."

ठेवला.

पाना बाहेर नाल्यात टाकला. मग परत जाऊन काढला. कामाचा आहे, सेंटरचा आहे.

२१ फेब्रुवारी

रामप्रसादनं विचारलं, आई कशी आहे. मी म्हणलो, बरी आहे. म्हणला, "अन् पाना?" ह्या वेळी मारलं नाही. हात उचललाच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी मागितला नव्हता. तरी नेहमीच्या वेळेला फोटो आला.

मीटर नाही. मोडलेल्या हाताचा एक्सरे. खाली डाव्या हातानं लिहिलेलं, अर्धी अक्षरं चुकलेली — "सळई घालायची म्हणतेत. ह्याला वारंटी हाय का बे?"

सत्तावीस हजार पाठवतोय.