बर्नर नसलेला चंबू

लासुर्णे, मंगळवार संध्याकाळ

पॅरालिसिसचा झटका आल्यापासून आबा, माझे सासरे, 'पाणी' आणि 'नको' यांच्या पुढं गेले नव्हते. आज सहज मोबाईलवर एक जुना इंग्रजी भुताटकीचा सिनेमा लावला. काळापांढरा, खरखरत्या आवाजाचा, भिंतीसुद्धा कापडावर रंगवलेल्या. वेडा शास्त्रज्ञ मढं जिवंत करत होता, टेबलावर चंबू रटरटत होता. आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जन्म घालवलेले आबा एकदम चिडले, "अगं, खाली बर्नरच न्हाय, मग ते उकळतंय कशानं?"

अख्खं वाक्य! अडखळत, पण अख्खं. मढ्याचं पुढं काय झालं, बघितलंच नाही मी. तो चंबू तेवढा डोळ्यांसमोर आहे. बारामतीच्या डॉक्टरांना आत्ताच कळवू का? हसतील? हसू देत.

उद्यासाठी याहून भिकार प्रयोगशाळेचा सिनेमा शोधून ठेवलाय.