आरसा, मान, ब्रेक, वळ

तीर्थरूप मामांच्या प्लास्टरमधल्या पायास (आणि त्यामागोमाग उरलेल्या मामांस) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

आत खाज सुटते का? सुटत असेल तर मामीची विणायची सुई मागून घ्या. मी सर्कशीत तंबू ठोकायला होतो तेव्हा माझा हात मोडला होता, सुईनेच तरलो (ती हकीकत सवडीने). स्टुलावर चढून बल्ब बदलताना तुम्ही पडलात, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की बल्ब आपल्या घराण्याला लाभत नाहीत. तुम्ही फोन उचलत नाही, मामी दारातूनच पिटाळते, म्हणून हे पत्र पेपरवाल्याच्या हाती.

झालं असं, की ड्रायव्हिंग स्कूल माझ्या स्वाधीन करताना तुम्ही बजावलं होतं : इंडिकेटरचा एक बल्ब गेलाय, तेवढा बदल, बाकी कशाला हात लावू नकोस. दुकानात शिरेपर्यंत माझी नियत साफ होती. पण दुकानदाराने एलईडी पेटवून दाखवला आणि आपले जुने बल्ब मला आजारी काजव्यांसारखे वाटू लागले. सगळेच बदलले. (उलटा बसवला तर एलईडी पेटत नाही, हे कळण्यात एक दुपार गेली.) पेटले ते झकास, पण इंडिकेटर टिक... टिक... करायचा सोडून टिकटिकटिकटिक करू लागला, गाडीच्या पोटात कळ आल्यासारखा. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, दमेल आपोआप.

पण तुमची ती शिकवण! एका टिकला एक शब्द : आरसा, मान, ब्रेक, वळ. शिष्यांच्या हाडीमाशी भिनवलीय तुम्ही. निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या (दोनदा नापास, आता नापास झाल्या तर मुलगा दारातली गाडी विकणार, आणि पास करून दाखवीन असा शब्द तुम्ही दिलेला). त्यांनी इंडिकेटर लावला, आरसामानब्रेकवळ एका दमात म्हटलं आणि गाडी थेट न्हाव्याच्या पायरीवर. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून एवढंच विचारलं, "कटिंग की दाढी?"

मग मी डोकं चालवलं. प्रत्येक शब्द दोनदा म्हणायचा. बाईंनी ते असं घोकलं की गाडी झोकात वळू लागली, न्हावीसुद्धा बाहेर येऊन हात करायला लागला. तेवढ्यात परीक्षेच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वायरमनने ती टिकटिक ऐकली. म्हणाला, एलईडी करंट कमी खातो, इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेला वाटतं बल्ब उडाला, म्हणून तो बोंब ठोकतो. त्याने एलईडीला चालणारा रिले बसवला. टिक... टिक... पहिल्यासारखं. मी इतका खूश झालो, की बाईंना सांगायचंच राहिलं.

परीक्षेला आरटीओचे साहेब बाईंच्या शेजारी, मी मागे. वळण आलं. आरसा आरसा, मान मान... ब्रेक ब्रेकपर्यंत वळण मागे पडलेलं. पुढचंही तसंच. साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, आपण निघालोय कुठे?"

"पाठ म्हणताना मध्ये बोलू नये," बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी हाताची घडी घातली.

गावाबाहेर रस्ता संपला तेव्हा थांबलो. साहेबांचं म्हणणं, चालवतात उत्तम, फक्त वळत नाहीत. म्हणून नापास न करता उद्या सकाळी शेवटची संधी दिलीय. मी बाईंपुढे सगळं कबूल केलं. त्या म्हणतात, शब्द मामांचे आहेत, ते आता एकेकदा म्हणायचे की दोनदा हे मामाच सांगतील. तुझ्या तोंडून मला टिकसुद्धा ऐकायची नाही.

असो. आराम करा, पाय अजिबात हलवू नका.

आपला गुणी (आईच्या मते) भाचा

ता. क. : पाय थोडा हलवावा लागेल. सकाळी मामी अंघोळीला गेली की मी गाडी दारात आणतो. तुम्ही फक्त मागे बसून बाईंना शब्द एकेकदा म्हणायला लावायचे.

आणखी ता. क. : प्लास्टर लांब करता यावं म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट काढून ठेवलीय. ऐसपैस जागा झालीय.

शेवटचा ता. क. : तिथे साहेब बसतात, हे आत्ता आठवलं. येताना ते स्टूल घेऊन या.