बाबांचा दिवाण

प्रिय नजला,

दारात टेम्पो बघून दचकली असशील. आधी ड्रायव्हरला चहा दे, साखर सढळ हाताने घाल. बिचारा आपल्या महल्ला शहरापासून पार तुमच्या समुद्राकाठच्या मत्रूहपर्यंत उन्हातान्हात आलाय. दोर सोडू दे, दिवाण आत घे आणि मगच पुढचं वाच. परत पाठवायचं मनात आलं असेल तर तो विचार आत्ताच गिळून टाक, माघारी आणण्याचं मी त्याच्याशी काही ठरवलेलं नाही. हो, बाबांचाच दिवाण आहे तो. मागचे दोन पाय नवे बसवलेत, कापूस सगळा पिंजून घेतलाय, खोळ आणि लोड नवे आहेत. लाकूड मात्र तेच, तुझ्या पणजोबांनी दमियाटहून होडीतून आणलेलं. बैठकीखालच्या कप्प्याचं झाकण उचललंस की अजून तसंच कुरकुरतं.

तू काय बजावून गेली होतीस ते मी विसरलेले नाही. बाबांना माती देऊन माणसं परतली, कॉफीचे पेले गोळा झाले, आणि तू खिडकीकडच्या बाजूला जाऊन त्यांच्या बसण्याने पडलेला खळगा तळहाताने चाचपलास. म्हणालीस, "आई, याला हात लावायचा नाही. मी येईन तेव्हा मला हे असंच दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं. त्या दिवशी कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मग तू गेलीस आणि मी त्या खळग्याची राखण करत बसले. कुणी आलं की म्हणायची, "तिथे नको, इकडे बसा." हळूहळू माणसं उभ्याउभ्याच बोलून जायला लागली. तू आलीस ती एकदाच, तीही धावतपळत, आणि खळगा जागच्या जागी आहे हे बघून खूश झालीस. मी किती वाळलेय ते तुला दिसलं नाही. दिसावं अशी माझी अपेक्षा होती, ती मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते आहे.

नजला, एकटीसाठी महशी कोण वळतं गं? द्राक्षाची पानं उकडायची, भात भरायचा, एकेक वळकटी रचायची, हे काम चार बायकांनी मिळून कुचाळक्या करत करायचं. मागच्या वर्षी मी हौसेने पातेलंभर केली आणि आठवडाभर तीच खाल्ली, शेवटी वास यायला लागला तेव्हा मांजरीला घातली. मांजरीनेही तोंड फिरवलं. आता मी रोज पाव आणि शिजवलेले वाल आणते, उभ्यानेच खाते. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी "शुभ संध्याकाळ" म्हणते तेव्हा मी तिला उत्तर देते. हसू नकोस. काही काही दिवशी माझा आवाज घरात तेवढाच ऐकू येतो.

दिवाण मोडला तो उम्म हुसाममुळे. समोरच्या घरातली हुसामची आई, तुला बोरं द्यायची ती. मी तिला खुर्ची पुढे करेपर्यंत ती थेट खळग्यावरच बसली, आणि तिचं वजन तुला ठाऊकच आहे! मागचा पाय काडकन गेला. ती खाली, पाय वर, आणि वर मलाच बोल: "उम्म नजला, घर आहे की कबरस्तान? कुठे बसायची सोयच नाही!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचं बोलणं मनाला लागलं. पाय पाहिला तर आतून वाळवीने पोखरलेला. दुसराही तसाच. बाबा असते तरी तो मोडायचाच होता.

म्हणून मी उस्ता फिक्रीला बोलावलं. तुझ्या लग्नाच्या गाद्या ज्याने भरल्या तोच तो पिंजारी. त्याची बायको गेली तेव्हा तू इथेच होतीस, आठवत असेल. त्याने सुताराकडून पाय करून आणले आणि मग कापसाला हात घातला. मी म्हटलं, "खळगा तेवढा राहू दे, बाकीचं पिंज." तो म्हणाला, "अर्धाच कापूस पिंजता येत नाही हो, उम्म नजला. सगळा उघडावा लागतो." मी खळग्यावरचा हात काढेना. मग तो म्हणाला, "मी गल्लीत धनुकली लावून ठेवतो. तुम्ही बसा थोडं तिथे. आवाज द्याल तेव्हा येतो." मी खळग्यात बसले, तुझ्या बाबांच्या जागी, पहिल्यांदाच. मनसोक्त रडले आणि मग त्याला आवाज दिला.

पुढे झाली ती फजिती. आतल्या खोळीला कापड हवं होतं, मी पेटीतून तुझ्या लग्नातलं उरलेलं गुलाबी साटीन काढून दिलं. फुकट का घालवायचं? पण गल्लीत पिंजारी बसलाय, धनुकली टणटण वाजतेय, कापूस उडतोय आणि शेजारी गुलाबी साटीन पसरलंय, हे बघून आपली गल्ली नवरीच्या गाद्यांशिवाय दुसरं काय समजणार! उम्म हुसामने खिडकीतून जीभ फिरवत असा काही आनंदाचा चीत्कार केला की पलीकडच्या गल्लीतल्या बायकासुद्धा धावत आल्या. कुणी कापसावर नाणी उधळली, कुणी नजर लागू नये म्हणून मीठ टाकलं, एकीने तर सरबताचा जग आणला. "नवरी कुठंय? कुणाची मुलगी?" मी सांगतेय, "अगं बायांनो, जुनाच दिवाण आहे," पण ऐकतंय कोण! शेवटी उम्म हुसाम ओरडली, "नवरी काय शोधताय? ही काय उभी आहे, पिंजाऱ्याला चहा देतेय!" सगळी गल्ली खदाखदा हसली. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे हुंदका कुणाला ऐकू जाऊ नये. कितीतरी दिवसांनी माझ्या दारात एवढी माणसं आली होती, आणि ती सगळी चुकून आली होती.

उस्ता फिक्री तेवढा हसला नाही. कानापर्यंत लाल झाला आणि मान खाली घालून कापूस पिंजत राहिला. दुसऱ्या दिवशी तो शिवणीला आला. मग लोड भरायला. मग म्हणाला, एका लोडाची शिवण वाकडी गेलीय, आणि ती उसवून पुन्हा घातली. मी पाहिली होती गं, शिवण सरळच होती. मी चहा ठेवत राहिले. एक दिवस त्याने सांगितलं की बायको गेल्यापासून महशी खाल्ली नाही. मी पानं उकडायला घातली, आणि तो खाली बसून वळकट्या वळू लागला. इतक्या जाड्या वळल्या की मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

पुढच्या शुक्रवारी तो रीतसर तुझ्या शौकी मामाकडे गेला. मामाने मला विचारलं आणि मी हो म्हटलं आहे. ऐकलंस ना? तुझी परवानगी मागायला हे पत्र नाही, त्या वयाची मी राहिले नाही. बकरी ईदनंतरच्या गुरुवारी मामाकडे निकाह आहे. दिवाण मी तुला देतेय तो यासाठी. बाबांच्या जागी फिक्री बसलेला मला बघवला नसता, आणि "तिथे नको, इकडे बसा" हे त्यालाही म्हणायचं मला जिवावर आलं असतं. आता तो तुझा. त्यावर तुझ्या मुलांना उड्या मारू दे, आजोबांच्या गोष्टी सांग, तुझा स्वतःचा खळगा पडू दे. मला ठाऊक आहे, तुला राग येईल. कदाचित आत्ताच आला असेल. पण फोन करू नकोस. फोनवर तू गप्प झालीस की लाइन तुटली की तू, ते मला कळत नाही, आणि मी रिसीव्हर धरून नुसती हॅलो हॅलो करत बसते. रागावायचंच असेल तर इथे ये, माझ्यासमोर उभी राहा आणि हवं तेवढं रागाव. मी दार उघडंच ठेवते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई
इन्शिराह