बागेतलं मधलं झाड

बाई, तुंगार्लीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर नगरपरिषद एक छोटीशी बाग करते आहे. तिच्या मधोमध पिंपळ लावायचा की बकुळ, हे रविवारी मला सांगायचं आहे. मागच्या बैठकीत मतं सारखी पडली, कारण मी दोन्ही वेळा हात वर केला. उद्यान विभागातली मुलगी हसू दाबत म्हणाली, "आबा, एकदाच करायचा असतो." मग सगळ्यांनी ठरवलं की आबांनी सावकाश विचार करून एकच काय ते सांगावं, तेच लावू. तेव्हापासून विचारच चालला आहे आणि तो कुठल्या कुठे जातो. तुम्हीच म्हणायचात ना, वर्गात कविता म्हणता म्हणता हा खिडकीबाहेर निघून जातो म्हणून.

पिंपळाचं रोप आणलंय आपल्या वर्गातल्या त्या पवनाकाठच्या गड्यानं, जो तुमच्या तासाला हमखास डुलक्या घ्यायचा. आता त्याला सगळे भाऊ म्हणतात. तेलाच्या डब्यात रोप घेऊन तो पवनानगरहून जीपनं आला आणि डबा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाला, "बाईंच्या पिंपळाचं प्वार हाय ह्ये. ओढ्यावरच्या. बाईंचं नाव कुटं लावलंय का कुनी? न्हाई ना? मंग ह्ये हितं लागलंच पायजे." मी त्याला चहा दिला.

उद्यान विभागातली ती मुलगी समजूतदार आहे. ती म्हणते, जागा लहान, एका अंगाला कंपाउंडची भिंत, खालून पाण्याची लाइन गेलेली. पिंपळाची मुळं दोन्ही फोडतील. त्याला धरणाच्या काठी लावा, माळावर लावा, तिथे तो हवा तेवढा पसरेल. इथे बकुळ बरी. पावसाला दाद देत नाही, बारमाही हिरवी, मुळं आवरून राहतात. "आणि आबा, उद्या भिंत फुटली तर पिंपळावर कुऱ्हाड कोण घालणार? तुमच्या कॉलनीतलं एक माणूस पुढे येणार नाही." खरंच आहे. समोरच्या मावशी तर म्हणाल्या, "मी आधी भिंत पाडीन." एकदा लावला की लावला. म्हणून तर इतकं घाबरायला होतं.

आता ओढ्यावरचा पिंपळ तिथे कसा गेला ते आठवतं. शाळेच्या मागच्या भिंतीत एक पिंपळाचं रोप उगवलं आहे. कौलांच्या खाली भेग पडली आहे. शिपाईमामा हात लावायला तयार नाहीत, देवाचं झाड म्हणतात. तुम्ही पदर खोचता, शिडीवर चढता आणि हातानं माती सैल करत ते मुळासकट काढता. मामा खालून म्हणतात, "बाई, तुमी तरी असं करावं व्हय? तुमच्या घरात तर त्याच झाडाखाली बसल्याली मूर्ती हाय." तुमच्या घरी तथागतांची मूर्ती होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही खाली उतरून फक्त म्हणता, "म्हणूनच हळू काढलं." मग आख्खा वर्ग ओढ्यावर. तिथे खड्डा, पाणी, आणि काठावर बसून कविता. हे आठवलं की वाटतं, संपलं, तुम्ही बकुळच म्हणाला असतात.

पण त्याच वर्षी की पुढच्या, संध्याकाळी वह्या तपासता तपासता तुम्ही दाराकडे बघून म्हणाला होतात, "इथे एक पिंपळ हवा होता. नुसतं पानांचं बोलणं ऐकत शिकवलं असतं." हेही मी ऐकलंय. मग?

आणि बकुळही तुमचीच. पुण्याहून सुट्टी संपवून आलात की पदराच्या गाठीतून सुकी बकुळफुलं काढून प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवायचात. बकुळ मी आधी कवितेत वाचली, मग तळहातावर पाहिली, झाड तर नोकरी लागल्यावर पाहिलं. भाऊला हे सांगितलं तर म्हणतो, "मला न्हाई आठवत. सपनात बगितलं आसशील." कदाचित त्या दिवशी तो झोपला असेल. कदाचित मीच. आता विचारायचं कुणाला, वर्गातले उरलोत तरी किती.

काल सकाळी मी बागेच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. आधी भिंतीजवळ, मग मधोमध. दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काही हरवलंय का आबा?" मी नाही म्हणालो. मग खाली पाइप कुठून जात असेल ते पायानं चाचपत बसलो, जणू ते पायाला कळतं. घरी येऊन भाऊला फोन लावला.

म्हटलं, रविवारी मी बकुळ सांगणार. तो म्हणाला, "तू शिकल्याला मानूस. तुमी पाइपाचं बगनार. बाईंचं कोन बगनार?" मी म्हणालो, बागेच्या पाटीवर बाईंचं नाव घालायला सांगतो. "पाटी गंजती," तो म्हणाला. तो फोन ठेवेल या भीतीनं मी घाईत बोलून गेलो, "अरे, बाई मला एकदा स्वतः म्हणाल्या होत्या, माझ्या नावानं कधी काही लावलंत तर बकुळ लावा." तो लगेच निवळला. "मंग आदी न्हाई का सांगायचं," म्हणाला. "बाई म्हनल्या म्हंजे झालं. रविवारी येतो, खड्डा मीच खनतो."

बाई, तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. निदान मला तरी नाही.