ह्यांच्या नंबरवरून अंगठा

२ मार्च, सकाळी
निश्चय: आजपासून ग्रुपवर फक्त सुप्रभात. वाद नाही. टिपकागद पंधरा तारखेला राहायला येते आहे, तोवर डोकं शांत ठेवायचं. शाळेत सिस्टरचा शब्द न् शब्द टिपून घ्यायची, म्हणून टिपकागद. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर, लग्नानंतर वीजकेंद्राच्या वसाहतीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. आतली खोली झाडून घेतली, निळी चादर घातली. हे गेल्यापासून तिथे कोणी झोपलेलं नाही.

२ मार्च, दुपारी
तिने ‘जुनी वसाहत’ ग्रुपवर आपल्या छताचा फोटो टाकला. सोलर पॅनेल! बसवून दोन वर्षं झाली म्हणे. मला एका शब्दाने बोलली नाही. खाली लिहिलंय, ‘कोळशाला रामराम.’
माझ्या ह्यांचा जन्म बॉयलरपुढे गेला. त्यांच्या कॉलरमधली राख मी ह्या हातांनी घासली. अगदी गोड शब्दांत विचारलं, रात्री सूर्य ड्यूटीवर नसतो, मग काय करतेस? हा वाद नाही. शंका आहे.

४ मार्च
तिने उत्तर दिलं. दिवसाची जास्तीची वीज कंपनीला देते, रात्री परत घेते. सोबत आकडे. आकडे बरोबर असावेत, म्हणून मी विषय बॅटऱ्यांवर नेला. ती म्हणाली, माझ्याकडे बॅटरीच नाही. मी म्हटलं, पण असती तर?
वसाहतीच्या क्लबच्या सेक्रेटरी वहिनींनी मध्येच लिहिलं, तुमचं म्हणजे पडलं तरी नाक वर. त्यांना मुद्दाच कळलेला नाही.

७ मार्च
सिस्टर सांगायच्या, बोलणारीवर जाऊ नका, मुद्द्यावर बोला. वादविवाद स्पर्धेत टिपकागद पहिली बोलायची, मी शेवटी उठून समोरच्यांना गप्प करायचे. तो नियम मी आजही पाळते. गणितात ती दोनदा नापास झाली होती आणि दरवर्षी मुलाकडे विमानाने जाते, एवढंच ग्रुपवर नोंदवलं. ही माहिती आहे. पर्सनल काही नाही.
मग चौदा प्रश्न एकदम पाठवले. संध्याकाळपर्यंत तिने अकरांची उत्तरं दिली. मी लिहिलं, ‘तीन टाळले!!’
लेकीचा फोन. आई, कोळशाची एजन्सी घेतलीस का, म्हणाली. मावशी यायची आहे ना? मी म्हटलं, वाद वेगळा, मैत्री वेगळी. ती नुसतीच हं म्हणाली. तिच्या बाबांसारखी.

९ मार्च
निश्चय मोडला नाही. सुप्रभात लिहिलं. त्याखाली पॅनेल जुनी झाल्यावर ती कुठे टाकणार, असा एक छोटा लेख.

१० मार्च, संध्याकाळी
माझ्या बाजूने एकही माणूस नाही. अख्ख्या वसाहतीने कोळशावर पोरं शिकवली, आता सगळे तिच्या छताला बदाम पाठवतात. कोणीतरी हवं होतं. एकच पुरे होतं.
ह्यांचा फोन मी चार्ज करून ठेवते. नंबर अजून ग्रुपवर आहे. माझ्या लेखाखाली ह्यांच्या फोनवरून एक अंगठा दिला. ही लबाडी नाही. हे असते तर त्यांनी दिलाच असता. स्क्रीनवर ह्यांचं नाव उजळलं आणि वाटलं, बाहेरच्या खोलीत बसलेत. मग मागच्या लेखांखालीही दिले.
थोड्याच वेळात टिपकागद ग्रुप सोडून गेली.
जिंकले.

१० मार्च, नंतर
चहा केला. दोन कप झाला. हल्ली अंदाज चुकतो.

११ मार्च
तिचा खासगी मेसेज. पंधराला येत नाही. पुढे लिहिलंय: माझ्या मुलीच्या लग्नाला तुझा गुडघा सुजला म्हणून भावोजी एकटेच आले होते, आठवतं? तेव्हा त्यांनीच मला पॅनेल घ्यायला लावली. तोंड कुठल्या दिशेला, तिरकी किती, सगळं गच्चीवर उन्हात उभं राहून दाखवलं. म्हणाले, जन्मभर राख खाल्ली, तुम्ही तरी नका खाऊ. आणि म्हणाले, हिला सांगू नका, मला घरभेदी म्हणेल. म्हणून दोन वर्षं गप्प होते. ग्रुपवरही बोलले नाही, गेलेल्या माणसाला वादात कशाला ओढायचं? पण काल त्यांच्या नावाने अंगठा आला गं. मी ग्रुपच सोडला.
वाचलं. परत वाचलं. बोटांना सवय लागलेली, त्यांनी लिहून टाकलं, ‘पुरावा काय?’
लगेच पुसायला गेले. तोवर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.

१३ मार्च
फोन उचलत नाही. रेंजचा प्रॉब्लेम असावा. हे लग्नाहून आले तेव्हा नाक उन्हाने सोललं होतं. मी विचारलं, मांडवाला छप्पर नव्हतं का? नुसतेच हसले होते.
‘घरभेदी’ हा शब्द त्यांचाच. मला चिडवायला राखून ठेवलेला. दुसऱ्या कोणाला सुचायचा नाही.

१५ मार्च
चादर बदलली नाही. रिक्षा थांबल्याचा आवाज आला म्हणून दोनदा दार उघडलं.
संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, ‘टिपकागद, माझं चुकलं. खोली तयार आहे. ये.’ ती ग्रुपवर नाही हे मला ठाऊक आहे. पण कोणीतरी तिला सांगेलच.
वाट पाहिली. वाचलं सगळ्यांनी. खाली एकच अंगठा आला. ह्यांचा.
मीच दिला.