सत्त्याण्णव वेढे

गुरुजी, तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी ठेचा-भाकर पोटभर खाल्ली, हे आधी सांगून टाकते. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची, शाळेतली गोष्ट. कळंबच्या तुमच्या वर्गात तांड्यावरून चालत येणारी मी एकटीच पोरगी. पत्र्याच्या होडीसाठी मी बोटभर मोटर केली होती. पत्रा कापून तिचा, पंख्याच्या पात्यांसारखा, तीन हातांचा गाभा केला, बिघडलेल्या रेडिओतली केसाएवढी बारीक तार सोडवून त्यावर गुंडाळली आणि वहीत लिहिलं, एकेका हातावर शंभर वेढे. शाळेच्या टाक्यात होडी या काठाहून त्या काठाला गेली. यवतमाळच्या प्रदर्शनाला ती जायची होती, आणि तिच्यासोबत मी. तिथं नाव झालं तर पुढं शिकू देईन, असं बापानं कबूल केलं होतं.

तुम्ही वही पाहून म्हणालात, "शंभर? तुला शंभरपर्यंत येतं का गं?" आणि सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं मोजत, तिसऱ्या हातावरची तार उलगडायला घेतलीत. "सोडू नका न जी, मुडपली तार पुन्हा बसत नाही," मी रडते आहे आणि पोरं तुमच्यासोबत मोजताहेत. सत्त्याण्णववर तार संपली. "खोटारडी," म्हणालात. मी म्हटलं, शंभर होते जी, तुम्हीच मोजताना चुकले. प्रदर्शनाला तुमचा भाचा गेला आणि माझी शाळा त्याच महिन्यात सुटली.

दहाएक वर्षांनी यवतमाळला माझ्या नवऱ्याचं मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं, वेढे मी घालायची. तुम्ही छताचा जळका पंखा घेऊन आलात, मला ओळखलंत आणि हसत म्हणालात, "मोजून गुंडाळ हो." मोजूनच गुंडाळला. फक्त दोन टोकं उलटी जोडली, म्हणजे पंखा उलटा फिरेल आणि वारा छताला लागेल. बसा म्हटलं मे महिन्यात निथळत. तीन उन्हाळे मला त्या विचारानं छान झोप लागली.

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी मी भेटायला आले ती पंखा पाहायला. उलटाच फिरत होता. तुमच्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री आल्ता, उलटा फिरते, सरका करून देतो म्हणे. यायनं हात लावू देला नाही. म्हणे, त्या पोरीनं मुद्दाम केलं अन् बरोबर केलं, राहू द्या." माझ्या अंगाचा भडका उडाला. चुकलं म्हणायचं होतं तर दुकानात, माझ्या तोंडावर म्हणायचं होतं. मुकाट्यानं उकडून घेऊन तुम्ही मोठे झालात आणि मी हलकी ठरले, याची माफी नाही.

हे पत्र चुलीतच जाणार, म्हणून लिहिते. तिसऱ्या हाताला तार पुरली नव्हती. सत्त्याण्णवच होते. गुंडाळताना मी मोजले होते.